मातीलगतची फुले : हिमालयातील शिंबावंत वनस्पती

हिमाचल प्रदेशातील कुलू खोऱ्यातून लाहौलकडे जाणारी जुनी वाट ३,९७८ मीटर उंचीवरील रोहतांग खिंडीवरून जाते. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून बहुतेक प्रवासी डोंगराच्या पोटातूनच पलीकडे जातात आणि निसर्गाने या खिंडीच्या दोन बाजूंवर मांडून ठेवलेला एक धडा त्यांच्या नजरेआड राहतो. खिंडीच्या दक्षिणेस मोसमी ढग अडतात. तेथे देवदार आणि भूर्ज यांची अरण्ये असून त्यांच्या वरच्या अंगास दाट हिरवी कुरणे पसरलेली आहेत. खिंड ओलांडली की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. डोंगरउतार उघडे पडतात, गवत विरळ होते आणि पुढे लडाखात शीत वाळवंट लागते. तेथील लेह या गावी वर्षभरात सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडतो.

दोन्ही बाजूंच्या वनस्पती पुष्कळ भिन्न आहेत. तथापि जमिनीकडे वाकून पाहणाऱ्याला एक गोष्ट दोन्हीकडे आढळते. ओल्या कुरणात गवताच्या मुळाशी आणि कोरड्या खडीत दगडांच्या आडोशाला वीतभरही उंच नसलेल्या काही वनस्पती उगवलेल्या असतात. त्यांची फुले निळी, पिवळी, जांभळी अशी नाना रंगांची असतात. पण घडण सर्वांची एकच, घरच्या परसातील वाटाण्याच्या फुलाची. ही सर्व शेंगा धरणाऱ्या, म्हणजेच शिंबावंत कुलातील रानफुले होत. त्यांचा आकार लहान असला, तरी उंच पर्वतांवरील कुरणांच्या जीवनात त्यांचे स्थान मोठे आहे. ते स्थान कोणते आणि ते इतक्या खुज्या वनस्पतींना कसे लाभले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या पानाफुलांबरोबर मातीखाली चाललेला व्यवहारही पाहावा लागतो.

कुलाची ओळख

शिंबावंत कुल हे सपुष्प वनस्पतींमधील तिसऱ्या क्रमांकाचे मोठे कुल आहे. त्याहून अधिक जाती केवळ सूर्यफुलाच्या आणि आमराच्या, म्हणजे ऑर्किडच्या कुलात आहेत. या कुलात साडेसातशेहून अधिक वंश आणि सुमारे १९,५०० जाती मोडतात. चिंच, बाभूळ, पळस यांसारखे वृक्ष, तूर, हरभरा, मूग यांसारखी कडधान्ये आणि मेथी, लसूणघास यांसारखी भाजी व चारा देणारी रोपे ही सर्व या एकाच कुलातील आहेत. पूर्वी या कुलाचे तीन उपकुलांत विभाजन केले जात असे. २०१७ पासून वनस्पतिशास्त्रज्ञ सहा उपकुले मानतात. हिमालयाच्या उंच भागातील जवळजवळ सर्व खुज्या शिंबावंत वनस्पती त्यांपैकी एकाच उपकुलात येतात. वाटाणा, हरभरा, मेथी यांचेही उपकुल तेच.

या नात्याची खूण पटविणारे एक उदाहरण लाहौल, स्पिती आणि लडाख येथे सापडते. तेथील खडकाळ उतारांवर सायसर मायक्रोफायलम नावाची वनस्पती उगवते. सायसर हा हरभऱ्याचाच वंश होय. महाराष्ट्रातील शेतात रब्बी हंगामात येणारा हरभरा ही वर्षायू वनस्पती आहे. पेरणीपासून काढणीपर्यंत तिचे सारे आयुष्य काही महिन्यांत संपते. लडाखातील हा रानटी भाऊबंद मात्र बहुवर्षायू आहे. त्याच्या संयुक्त पानाला लहान लहान दातेरी दले असतात, पानाचे टोक अनेकदा तणाव्यात संपते, फुले जांभळट असतात आणि शेंगा हरभऱ्याच्या घाट्यासारख्या फुगीर असतात. मैदानी शेतकऱ्याने ही वनस्पती प्रथमच पाहिली, तरी तिचे कूळ ओळखण्यास त्याला वेळ लागणार नाही.

खिंडीच्या ओल्या बाजूला दुसरे असेच ओळखीचे रूप भेटते. ओढ्याच्या काठी आणि झाडांच्या विरळ सावलीत पॅरोकेटस कम्युनिस ही नाजूक वनस्पती जमिनीवर सरपटत वाढते. तिच्या नावातील पहिल्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थच 'ओढ्याजवळची' असा आहे. तिचे त्रिदली पान दुरून आंबुशीच्या पानासारखे भासते. परंतु फूल उमलले की शंका उरत नाही. आंबुशीच्या फुलाला पाच सारख्या पाकळ्या असतात. पॅरोकेटसचे फूल आकाशी निळ्या रंगाचे असून त्याची ठेवण वाटाण्याच्या फुलासारखी असते. तिचे खोड जमिनीला टेकते त्या प्रत्येक पेऱ्यावर मुळे फुटतात. एखादा भाग तुटला किंवा गुरांच्या पायाखाली चिरडला गेला, तरी उरलेले पेरे स्वतंत्रपणे जगू शकतात. ही वनस्पती हिमालयाबरोबर दूर दक्षिणेस निलगिरी पर्वतातही आढळते.

खुजेपणाचा अर्थ

समुद्रसपाटीपासून दर हजार मीटर वर गेल्यास हवेचे तापमान सरासरीने साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. साडेपाच हजार मीटरांच्या सुमारास हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या निम्म्यावर येतो. विरळ हवेमुळे दिवसा ऊन प्रखर लागते आणि रात्री उष्णता झपाट्याने निघून जाते. बर्फ वितळल्यापासून नवे बर्फ पडेपर्यंत वाढीला मिळणारा काळ जेमतेम दोन-चार महिन्यांचा असतो. त्यात वारा जवळजवळ अखंड वाहत असतो.

अशा ठिकाणी उंच वाढणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो. वाऱ्याचा वेग जमिनीपासून जसजसे वर जावे तसतसा वाढतो. जमिनीलगतचा हवेचा थर तुलनेने स्थिर राहतो. उन्हाने तापलेली माती आणि दगड त्या थराला ऊब देतात. या थरात दाटीने पसरलेल्या वनस्पतीच्या पानांचे तापमान उन्हाच्या वेळी वरच्या हवेपेक्षा दहा अंशांनीही अधिक भरू शकते. म्हणजे एकाच जागी उभा असलेला माणूस गार वाऱ्याने कुडकुडत असताना त्याच्या पायाशी असलेली वनस्पती मात्र ऊब घेत असते. खुजेपणा हा उपासमारीचा परिणाम आहे असे वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः तो परिस्थितीला दिलेला विचारपूर्वक वाटावा असा प्रतिसाद आहे. यांपैकी अनेक जातींचे बी मैदानी बागेत लावले तरी रोप खुजेच राहते, कारण ही ठेवण त्यांच्या आनुवंशिकतेतच रुजलेली असते.

शिंबावंत वनस्पतींनी हा प्रतिसाद निरनिराळ्या मार्गांनी दिला आहे. पॅरोकेटस आणि पांढरा क्लोव्हर सरपटत पसरतात. ॲस्ट्रॅगॅलस वंशातील काही जातींनी खोडच जवळजवळ टाकून दिले आहे. पश्चिम हिमालयाच्या कोरड्या भागातील ॲस्ट्रॅगॅलस ऱ्हायझँथस हिचे उदाहरण बोलके आहे. तिची पिसासारखी संयुक्त पाने जमिनीतूनच निघाल्यासारखी चहूबाजूंनी पसरतात आणि त्यांच्या मधोमध पिवळ्या फुलांचा गुच्छ मातीला चिकटून बसतो. ऱ्हायझँथस या शब्दाचा अर्थच 'मुळाशी फुलणारी' असा आहे. चेस्निया वंशातील काही वनस्पती जमिनीवर चटईसारख्या पसरतात. त्यांच्या काष्ठमय बुंध्याभोवती मागील वर्षांच्या पानांचे वाळलेले देठ तसेच चिकटून राहतात आणि कोवळ्या अंकुरांना आच्छादन पुरवितात.

या सर्वांत एक गोष्ट समान आहे. जमिनीवर दिसणारा भाग थोडा आणि जमिनीखालचा भाग फार. कोरड्या बाजूच्या जातींचे सोटमूळ जाड, काष्ठमय आणि खोल जाणारे असते. हिवाळ्यात वरची पाने मरून गेली तरी मुळात साठविलेल्या अन्नाच्या बळावर पुढील वर्षी बर्फ वितळताच नवी पाने फुटतात. पर्वतावरील अशा बहुवर्षायू वनस्पतींच्या मुळाच्या माथ्याचा पातळ छेद घेतल्यास झाडाच्या खोडाप्रमाणे वार्षिक वलये मोजता येतात. बोटाएवढ्या जाडीच्या मुळाचे वय कित्येकदा काही दशकांचे निघते.

फुलपाखरासारखे फूल

या उपकुलातील फुलाला मराठी शास्त्रीय लेखनात पतंगरूप फूल म्हणतात. त्याच्या पाच पाकळ्यांपैकी वरची सर्वांत मोठी आणि उभी असते. तिला ध्वज म्हणतात. दोन बाजूंच्या दोन पाकळ्या म्हणजे पंख. खालच्या दोन पाकळ्या कडेने एकमेकींस चिकटून होडीच्या तळासारखा आकार घेतात, म्हणून त्यांना नौतल हे नाव आहे. या नौतलाच्या पोटात केसरदले आणि किंजपुट सुरक्षित राहतात. उंच पर्वतावर अवचित पडणाऱ्या पावसापासून व गारठ्यापासून परागांचे रक्षण करण्याचे कामही ही बंद होडी करते.

केसरदले दहा असतात. बहुतेक जातींत त्यांपैकी नवांचे तंतू जुळून नळी तयार होते आणि दहावे सुटे राहते. ही रचना सहज झालेली नाही. मध त्या नळीच्या तळाशी असतो आणि सुट्या केसरदलाच्या बाजूंना असलेल्या फटींतून कीटकाची सोंड तेथवर पोहोचते. नियमाला अपवादही आहेत. गडद जांभळी, जवळजवळ काळी वाटणारी फुले धरणाऱ्या थर्मोप्सिस बार्बाटा या हिमालयीन वनस्पतीत दहाही केसरदले सुटी असतात. म्हणून एकाच लक्षणावर विसंबून वनस्पतीचे कूळ ठरवू नये, असे अभ्यासकांना सांगितले जाते.

बंद फुलाचा दरवाजा उघडण्यास बळ लागते. ते काम येथे मुख्यतः बंबल माशी करते. ही माशी मधमाशीच्याच कुलातील, पण अंगाने जाड आणि दाट केसाळ असते. पंख न हलविता उड्डाणाचे स्नायू थरथरवून ती स्वतःचे शरीर तापवू शकते, त्यामुळे इतर कीटक गारठून बसलेले असतानाही ती कामावर निघते. माशी पंखांवर बसली की तिच्या भाराने पंख व नौतल खाली दबतात आणि केसरदले व किंजल्क उघडे पडून तिच्या पोटाला लागतात. ती उडाली की क्लोव्हरसारख्या फुलात नौतल पुन्हा पूर्ववत मिटते. लोटस कॉर्निक्युलेटस या पिवळ्या फुलाच्या कुरणवासी वनस्पतीत निराळी युक्ती आहे. तेथे पराग आधीच नौतलाच्या टोकाशी जमा झालेले असतात. दाब पडला की केसरदलांची जाड झालेली टोके पिचकारीतील दट्ट्याप्रमाणे पुढे सरकतात आणि परागांची बारीक वळी टोकाच्या छिद्रातून बाहेर येते. लसूणघासाच्या फुलात तर केसरदलांची नळी ताणलेल्या धनुष्याप्रमाणे असते. स्पर्श होताच ती उसळते आणि मग परत मिटत नाही.

काही आखूड सोंडेच्या बंबल माश्या मात्र दरवाज्याने येत नाहीत. फुलाच्या बुडाशी भोक पाडून त्या मध चोरतात. अशी भोके पडलेली फुले कुरणात लक्षपूर्वक पाहिल्यास सापडतात.

दोन जुळे वंश

खिंडीच्या कोरड्या बाजूला ज्या वनस्पती वारंवार भेटतात त्यांपैकी अनेक ॲस्ट्रॅगॅलस आणि ऑक्सिट्रोपिस या दोन वंशांतील असतात. ॲस्ट्रॅगॅलस हा सपुष्प वनस्पतींमधील सर्वांत मोठा वंश मानला जातो. त्यात सुमारे तीन हजार जाती आहेत. दोन्ही वंशांची पाने पिसासारखी, फुलोरे सारखे आणि शेंगाही पुष्कळदा फुगीर. नवख्या निरीक्षकाला ते वेगळे ओळखणे अवघड जाते.

त्यांचा भेद एका बारीक लक्षणात आहे. ऑक्सिट्रोपिसच्या नौतलाच्या टोकाला लहानशी अणकुचीदार चोच असते. ॲस्ट्रॅगॅलसच्या नौतलाचे टोक सामान्यतः बोथट असते. 'तीक्ष्ण' आणि 'नौतल' या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्त्यँ पिराम द कांदोल यांनी १८०२ साली ऑक्सिट्रोपिस हा वंश वेगळा केला. शेंग तयार झाल्यावर दुसरी खूण मिळते. दोन्ही वंशांतील अनेक जातींच्या शेंगेत आतून पडदा वाढतो. ऑक्सिट्रोपिसमध्ये तो बिया ज्या शिवणीला लागलेल्या असतात त्या बाजूने निघतो, तर ॲस्ट्रॅगॅलसमध्ये तो समोरच्या शिवणीकडून येतो. साध्या भिंगाने ही दोन्ही लक्षणे पाहता येतात.

मातीखालचा व्यवहार

सर्व सजीवांना प्रथिने बांधण्यासाठी नायट्रोजन लागतो. हवेचा ७८ टक्के भाग नायट्रोजनच आहे, पण त्या रूपात तो वनस्पतींना घेता येत नाही. त्या मातीतील नायट्रोजनयुक्त क्षारांवर अवलंबून असतात आणि हे क्षार मुख्यतः कुजलेल्या पालापाचोळ्यातून मिळतात. उंच पर्वतावर नेमकी येथेच अडचण येते. थंडीत कुजण्याची क्रिया फार मंद चालते. मेलेली पाने व मुळे वर्षानुवर्षे अर्धवट कुजलेल्या स्थितीत पडून राहतात आणि त्यांतील नायट्रोजन अडकून पडतो. कोरड्या बाजूला तर कुजण्यासारखे द्रव्यच थोडे असते.

शिंबावंत वनस्पतींनी या अडचणीवर जीवाणूंशी भागीदारी करून मात केली आहे. त्यांच्या मुळांवरील लहान गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजनचे अमोनियात रूपांतर करतात. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी १८८६ ते १८८८ या काळात हे प्रयोगाने दाखविले आणि १८८८ साली हॉलंडमध्ये बायरिंक यांनी गाठींतील जीवाणू वेगळे काढले. जिवंत, कामात असलेली गाठ कापली तर आतून गुलाबी दिसते. आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनशी नाते असलेले लेगहीमोग्लोबिन हे द्रव्य तेथे असते. नायट्रोजन स्थिर करणारे एंझाइम ऑक्सिजनच्या संपर्काने निकामी होते. लेगहीमोग्लोबिन ऑक्सिजन धरून ठेवते आणि बेताबेताने पुरविते.

ही भागीदारी फुकटची नाही. नायट्रोजनच्या एका रेणूचे रूपांतर करण्यासाठी पेशीतील ऊर्जावाहक द्रव्याचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात. ही सारी ऊर्जा वनस्पतीने प्रकाशसंश्लेषणाने मिळविलेल्या साखरेतून जाते. थंड मातीत गाठी तयार होण्याचे कामही मंदावते. तथापि उत्तर ध्रुवाजवळील ॲस्ट्रॅगॅलस आणि ऑक्सिट्रोपिस यांच्या गाठींतून असे जीवाणू मिळाले आहेत की जे कमी तापमानातही काम करू शकतात. या वंशांच्या गाठी लांबट असतात आणि टोकाकडून वाढत राहतात. त्यामुळे एका हंगामानंतर त्या पुढील हंगामातही उपयोगी पडू शकतात. लोटसच्या गाठी मात्र गोल असून त्यांची वाढ मर्यादित असते.

या वनस्पतीची पाने व मुळे मेली की त्यांतील नायट्रोजन मातीत मिसळतो आणि शेजारच्या गवताला मिळतो. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण हिमालयाबाहेरचे आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील सेंट हेलेन्स या ज्वालामुखी पर्वताचा १८ मे १९८० रोजी उद्रेक झाला आणि त्याच्या उत्तरेकडील मोठा प्रदेश राख व सच्छिद्र दगडांखाली गाडला गेला. त्या निर्जीव भूमीवर काही वर्षांतच उगवलेल्या पहिल्या वनस्पतींत ल्युपिनस लेपिडस ही खुजी शिंबावंत वनस्पती होती. तिने मातीत नायट्रोजन भरला, तिच्या पानांत वाऱ्याने आलेले बी आणि धूळ अडकली आणि तिच्या आश्रयाने इतर वनस्पती रुजल्या. महाराष्ट्रातही कास पठाराच्या जांभा खडकावरील पातळ मातीत पावसाळ्यात कवल्याची पिवळी फुले पसरतात. कवला हाही याच कुलातील आहे. हवामान भिन्न असले, तरी माती गरीब असेल तेथे शिंबावंत वनस्पतींना वाव मिळतो, हे सूत्र तेथेही दिसते.

काटे, विष आणि धीर

नायट्रोजन मुबलक म्हणजे प्रथिने मुबलक. यामुळेच शिंबावंत वनस्पती चरणाऱ्या प्राण्यांना प्रिय असतात. कुलू-लाहौलच्या कुरणांत उन्हाळ्यात येणाऱ्या गद्दी मेंढपाळांच्या मेंढ्या असोत की लडाखच्या चांगथांग पठारावरील चांगपा पशुपालकांच्या पश्मिना शेळ्या, त्यांच्या चाऱ्याचा कस वाढविण्यात या रोपांचा वाटा असतो. मिळालेली श्रीमंती सांभाळण्यासाठी वनस्पतीला मात्र संरक्षण करावे लागते.

कॅरागाना वंशातील झुडुपे त्यासाठी काट्यांचा आश्रय घेतात. हे काटे मुद्दाम निर्माण झालेले नवे अवयव नव्हेत. अनेक जातींत संयुक्त पानाची दले गळून गेल्यावर पानाचा कणा तसाच राहतो आणि कडक होऊन त्याचा काटा बनतो. वाऱ्याच्या माऱ्यात ही झुडुपे गुडघाभर उंचीच्या गोल गड्ड्यांसारखी राहतात. त्यांच्या काट्यांच्या आत चरणाऱ्या जनावराचे तोंड शिरत नाही, म्हणून तेथे कोवळे गवत आणि नाजूक फुलझाडे सुरक्षितपणे वाढतात. उघड्या उतारावर असे एकेक झुडूप म्हणजे लहानसे रोपस्थान असते.

काहींनी विषाचा मार्ग धरला आहे. पांढऱ्या क्लोव्हरची काही रोपे चावली गेल्यास हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू सोडतात, काही सोडत नाहीत. हुनोर डाडे यांनी १९५४ साली दाखविले की उंच व थंड ठिकाणी विष सोडणाऱ्या रोपांचे प्रमाण घटत जाते. हिमाने पेशी फुटल्यास हेच विष वनस्पतीला बाधत असावे, असे त्याचे एक स्पष्टीकरण दिले जाते.

ऑक्सिट्रोपिस आणि ॲस्ट्रॅगॅलसच्या काही जातींतील विष याहून निराळे आहे. ते स्वेन्सोनीन होय. १९७९ साली ऑस्ट्रेलियात स्वेन्सोना या शिंबावंत वनस्पतीतून ते प्रथम वेगळे करण्यात आले. पुढे असे आढळले की ऑक्सिट्रोपिस व ॲस्ट्रॅगॅलसमध्ये ते वनस्पती स्वतः तयार करीत नाही. तिच्या शरीरात मुकाट्याने राहणारी आणि बियांतून पुढील पिढीत जाणारी एक बुरशी ते तयार करते. अशी वनस्पती जनावराने बरेच दिवस खाल्ली की पेशींत अर्धवट विघटन झालेल्या शर्करा साचतात आणि मज्जासंस्था बिघडते. जनावर अडखळते, दिशाहीन फिरते, कृश होत जाते. अमेरिकेतील गुराख्यांनी अशा वनस्पतींना स्पॅनिश भाषेतील 'वेडा' या अर्थाच्या शब्दावरून 'लोको' हे नाव दिले. तिबेटच्या पठारावरील व चीनमधील कुरणांतही ऑक्सिट्रोपिसमुळे जनावरे दगावतात. म्हणून नौतलावरील बारीक चोच ओळखणे ही केवळ पुस्तकी विद्या नव्हे. तथापि चोच नाही म्हणून वनस्पती निर्धोक, असा उलटा निष्कर्षही काढता येत नाही, कारण ॲस्ट्रॅगॅलसच्या काही जातीही विषारी आहेत.

तिसरा गुण धीराचा. अनेक शिंबावंत बियांचे कवच पाणी आत शिरू न देणारे असते. दगडांशी घर्षण होऊन, किंवा वारंवार गोठण्या-वितळण्याने, कवचाला बारीक भेग पडेपर्यंत बी निद्रिस्त राहते. एका शेंगेतील सर्व बिया त्यामुळे एकाच वर्षी रुजत नाहीत आणि एखादा उन्हाळा वाईट गेला तरी सारी पिढी नष्ट होत नाही.

या धीराविषयी एक अतिशयोक्त कथाही दीर्घकाळ प्रचलित होती. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात गोठलेल्या मातीतील जुन्या बिळांत सापडलेल्या ल्युपिनस आर्क्टिकसच्या बिया दहा हजार वर्षांच्या असून त्या रुजल्या, असे १९६७ साली प्रसिद्ध झाले. वय बियांचे मोजलेले नव्हते. ते सभोवतालच्या पुराव्यावरून अनुमानिले होते. २००९ साली किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने प्रत्यक्ष बियांची तपासणी झाली, तेव्हा त्या आधुनिक काळातील ठरल्या. बीज दीर्घकाळ टिकते हे खरे. परंतु त्याच्या टिकण्याला मर्यादा नाही, असे मानणे चुकीचे आहे.

उपटलेले झुडूप

ही मर्यादा ध्यानात घेण्याचे कारण व्यावहारिक आहे. शीत वाळवंटात वृक्ष नसल्यासारखेच. हिवाळा लांबलचक आणि कडक. साहजिकच शतकानुशतके लोकांनी वाळलेल्या शेणाबरोबर कॅरागानासारख्या झुडुपांचा इंधन म्हणून उपयोग केला. वस्ती विरळ होती तोवर तो उपयोग निभावला. रस्ते झाले, छावण्या आणि पर्यटकांची निवासस्थाने वाढली, तशी इंधनाची मागणीही वाढली. झुडपाचा सर्वांत जाड आणि चांगला जळणारा भाग म्हणजे त्याचे मूळ, त्यामुळे ते फांद्या तोडून न नेता समूळ खणून नेले जाते.

असे झुडूप उपटल्यावर काय नाहीसे होते, याचा हिशेब आतापर्यंतच्या वर्णनावरून मांडता येतो. काही दशके साठत आलेले मूळ जाते. त्यावरील गाठी आणि त्यांतून मातीला मिळणारा नायट्रोजन जातो. काट्यांच्या आडोशाला वाढणारी लहान रोपे उघडी पडतात. मुळाने धरून ठेवलेली माती वाऱ्याबरोबर उडू लागते. मागे राहिलेल्या बियांना रुजण्यासाठी आडोसा उरत नाही. चुलीत ते मूळ जळण्यास काही घटका लागतात, तर त्याची भरपाई होण्यास एक पिढी लागते. दोष थंडीने गारठलेल्या कुटुंबाच्या माथी मारणे योग्य नव्हे. गॅस आणि सौरऊर्जा जेथे परवडणाऱ्या दराने व खात्रीने पोहोचते, तेथे मुळे खणण्याची गरज आपोआप घटते. म्हणून या फुलांचे रक्षण हा बऱ्याच अंशी इंधनपुरवठ्याचा प्रश्न आहे.

पर्वतावर जाणाऱ्या विद्यार्थ्याने या वनस्पतींचा अभ्यास करताना काही साधे नियम पाळावेत. नोंद करताना उंची, उताराची दिशा, मातीचा ओलावा आणि शेजारच्या वनस्पती लिहून ठेवाव्यात. पानाला तीन दले आहेत की पिसासारखी अनेक, केसरदलांची जुळणी कशी आहे, नौतलाला चोच आहे की नाही आणि शेंगेतील पडदा कोणत्या शिवणीकडून निघतो, हे भिंगाने पाहावे. यासाठी एखादे गळून पडलेले फूल आणि वाळलेली शेंग पुरेशी असते. मुळावरील गाठी पाहावयाच्या असतील, तर घराजवळच्या शेतातील हरभऱ्याचे किंवा मेथीचे रोप उपटून पाहावे. रचना तीच आहे. खिंडीपलीकडील रोप मात्र जागच्या जागी राहू द्यावे. त्याचा बहुतेक भाग मातीखाली आहे आणि त्याचे कामही तेथेच चालू असते.